बोटीवर काय नेसावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाली, पुढे लग्न झाले, आणि त्यानंतर मोठ्याने बोलायचे म्हणजे रानात गेलेल्या माणसाला जेवायला हाक मारायची, एवढेच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्ही मोठ्या बोटीवर जाऊन आलात, त्यावरच बोला. बायकांना ऐकायचे आहे.” मी विचारले, काय ऐकायचे आहे? तर म्हणाल्या, “तिथे काय नेसलात ते.” म्हणून आज तेवढाच विषय घेते. समुद्र किती मोठा आणि सूर्य कसा बुडतो, हे तुम्ही चित्रपटात पाहिलेच आहे.

आपण पोखर्णीची माणसे. मोठे पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, आणि प्रवास म्हणजे परभणी, परळी, फार तर पंढरपूर. आपल्या नृसिंहाच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात, पण आपण कुठे जात नाही. तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने जेव्हा सांगितले, की या डिसेंबरात सगळ्या घराने मुंबईहून बोटीने गोव्याकडे जाऊन यायचे, दोन रात्री बोटीवरच राहायचे, तेव्हा मला आधी वाटले, हा पोर थट्टा करतो आहे.

पूर्वी मुंबईहून कोकणात आणि गोव्याला माणसे बोटीनेच जात. भाऊच्या धक्क्यावरून पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन चढायचे, डेकवर जागा धरायची. तो प्रवास गरजेचा होता. तिथे कुणी नटत नसे, उलटी होऊ नये म्हणून लिंबू हुंगत बसत. आताची बोट निराळी. २०२१ सालच्या सप्टेंबरात कॉर्डेलिया नावाच्या कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून प्रवासी घेऊन निघू लागली, तेव्हापासून आपल्याकडच्या मध्यम घरांतही हे ‘क्रूझ’ म्हणणे सुरू झाले. ही बोट १९९० साली बांधलेली, आधी परदेशात चालत होती. अशा बोटीत जेवणघर, नाटकगृह, पोहण्याचा हौद, दुकाने सगळे असते. म्हणजे एक गावच तरंगत असते म्हणा, फक्त पार नाही आणि पारावर बसणारे नाहीत.

आणि अशा बोटींवर एक रात्र नटून जेवायला येण्याची असते. ही चाल साहेब लोकांची. मुंबईहून विलायतेला बोटी जात, तेव्हा वरच्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला रोज पोषाख बदलून येत. पुरुषांचा काळा कोट, बायकांचे लांब झगे. आता तसा कडक नियम बहुतेक ठिकाणी राहिलेला नाही. हौस म्हणून करतात. कुणी रंग ठरवते, कुणी जुन्या चित्रपटातल्यासारखे सजते. आमच्या सूनबाईने (पुतण्याची बायको, मी तिला सूनबाईच म्हणते) घरच्या सगळ्यांना मोबाईलवर निरोप धाडला: “दुसऱ्या रात्री जेवणाला सगळ्यांनी लाल घालायचे. फोटो काढायचा आहे.”

निरोप साधा होता. पण त्या एका निरोपावरून आमच्या घरात आठ दिवस चूल नीट पेटली नाही.

आधी धाकट्यांचे सांगते, कारण ते सोपे आहे. माझी मुलगी परभणीला कॉलेजात जाते. तिला लांब झगा, म्हणजे गाऊन हवा होता. ह्यांना ते मुळीच पसंत नव्हते. मी म्हटले, “मुलगी अठरा वर्षांची आहे, तिच्या वयाच्या सगळ्या पोरी तसेच घालणार, घालू द्या.” अडचण झग्यात नव्हती, त्याच्या लांबीत होती. मोबाईलवरून मागवलेला झगा आला तो जमिनीवर दोन बोटे लोळत होता. पोरगी म्हणाली, “अशीच फॅशन आहे.” मी तिला घराच्या जिन्यावरून हातात पाण्याचा तांब्या देऊन वर-खाली करायला लावले. तिसऱ्या पायरीला पाय अडकला. मग तीच म्हणाली, “आई, खालून तुरपून दे.” बोटीवर जिने पुष्कळ असतात आणि बोट मधूनमधून हलते, तेव्हा झगा असो की परकर, तो जमिनीपासून दोन बोटे वर हवा. टाचा उंच नकोत, तळवा खरबरीत हवा. डेकची जमीन रात्री दमट होते.

पुरुषांचे तर विचारूच नका. पुतण्याने काकांसाठी भाड्याचा सूट ठरवला होता. हे आरशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “मी यात बॅंकेच्या जाहिरातीतला मनुष्य दिसतो.” तेव्हा पांढरा सदरा, पायजमा आणि वर जाकीट असे ठरले. शोभून दिसले. भाड्याचे पैसे वाचले ते निराळेच.

आता माझे. मला वाटले होते, की बोटीवर पाचवारी साडी गैरसोयीची पडेल, वाऱ्याने पदर उडेल, म्हणून पंजाबी ड्रेस शिवून घ्यावा. शेजारच्या वहिनींनीही तसेच सुचवले. पण मग मनात आले, की मुंबईच्या कोळणी नऊवारी नेसून, काष्टा घालून, डोक्यावर पाटी घेऊन हलत्या होडीतून धक्क्यावर उतरतात. साडीचा बोटीवर अडथळा होतो, हे त्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही. अडथळा साडीचा नसतो, ती कशी नेसली याचा असतो. कासोट्याची नऊवारी तर चालायला झग्याहून मोकळी. ज्यांना नेसता येत नाही त्यांच्यासाठी हल्ली शिवलेली मिळते, विजारीसारखी चढवायची. मी मात्र पाचवारीच नेसले. पदर खांद्याला दोन ठिकाणी टाचला आणि उरलेला पुढे घेऊन कमरेला खोचला.

पैठणी न्यावी का, असे तुमच्यापैकी दोघींनी मला आधीच विचारून ठेवले आहे. जिच्याकडे खरी पैठणी असेल तिने जरूर न्यावी, पण जपून. खरी हातमागाची पैठणी, पैठणची काय किंवा येवल्याची काय, तिच्या पदरावरचे मोर आणि वेल विणतानाच सूत गुंफून केलेले असतात. त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असले, तर ती यंत्रावरची समजावी. तीही वाईट नाही, फक्त तिला पैठणीच्या भावाने घेऊ नये. जरीला दमट खारी हवा सोसत नाही, ती काळवंडते. तेव्हा जेवणघरात पैठणी नेसावी, डेकवर वारा खायला जाताना बदलावी, आणि घरी आल्यावर दोन दिवस सावलीत पसरून मग मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी. बोटीवरच्या खोलीत इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने. म्हणून साडी घडीवर घडी न घालता गुंडाळी करून न्यावी, चुण्या पडत नाहीत. आणि एक पातळशी शाल हवीच. जेवणघर यंत्राने इतके गार केलेले असते, की आमच्या ह्यांनी गार पडलेली पोळी तोंडात घालत, “इथे दही लागणार नाही,” असा अभिप्राय दिला.

हे सगळे ठीक आहे. आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

आमच्या थोरल्या जाऊबाई तुम्हां सगळ्यांच्या माहितीच्या आहेत. आज त्या इथे आल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणाल्या. त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. भावजी जाऊन चार वर्षे झाली. तेव्हापासून जाऊबाई राखी, फिकट निळ्या, पांढऱ्या बुट्ट्यांच्या साड्या नेसतात. त्यांना कुणी सांगितले नाही. आपल्याकडे सांगावे लागत नाही. तेराव्याला माहेरून आलेली साडी कोणत्या रंगाची असते, बोळवण करताना बायका कुणाच्या कपाळाला बोट लावतात आणि कुणाच्या वगळतात, हे पाहतच आपण मोठ्या होतो.

‘सगळ्यांनी लाल’ हा निरोप त्यांच्या मुलाच्या घरूनच आलेला. पोराच्या ध्यानातही आले नाही. लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला मुलगा, त्याला लाल म्हणजे नुसता रंग. जाऊबाई मला म्हणाल्या, “तुम्ही जा जेवायला. मला खोलीतच वरणभात पाठवून द्या.” आवाजात राग नाही, रडणे नाही. जणू ‘मला एकादशी आहे’ असे सांगावे तसे.

मी सूनबाईला फोन केला. पोरगी समजदार. एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “काकू, मी रंग बदलते. सगळ्यांनी पांढरे घालू, म्हणजे आईंना अवघड वाटणार नाही.” तिचे मन चांगले होते, हे मी कबूल करते. पण मला ते पटले नाही. अकरा माणसांनी एका बाईसाठी पांढरे घालायचे, म्हणजे तिच्या पांढऱ्याला अकरा साक्षीदार उभे करायचे. फोटो पाहणाऱ्या प्रत्येकाला कळणार, की हे कुणामुळे. मी तिला म्हटले, “रंगच काढून टाक. निरोप असा दे, की ज्याने त्याने आपल्या घरच्या पेटीतले जुने, चांगले, ज्याची काही गोष्ट आहे असे एक वस्त्र घालायचे. नवे विकत घ्यायचे नाही.” मुलीचा झगा आधीच आलेला होता, तिला तेवढी सूट दिली. गळ्यात तिने माझ्या आईची पुतळ्यांची माळ घालावी, असे ठरले.

इथे थोडे विषयांतर करते. अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहू नका, दोन मिनिटांत परत येते.

आनंदीबाई जोशी तुम्हां सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यावरचा चित्रपट २०१९ साली आला, आपल्यापैकी पुष्कळजणींनी टी.व्ही.वर पाहिला असेल. १८८३ साली, वय वर्षे अठरा, ही बाई कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला डॉक्टरकीसाठी निघाली. नवरा बरोबर नाही. एप्रिलमध्ये निघाली ती जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली. जाण्यापूर्वी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, तिने भर सभेत भाषण केले आणि सांगितले, की मी तिथे इथल्यासारखीच राहीन, खाणे आणि पोषाख बदलणार नाही. आता अमेरिकेची थंडी आणि आपली नऊवारी! पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा तिने काय केले? साडी सोडली नाही, हट्टही धरला नाही. आतून परकर आणि वरून गुजराती पद्धतीची साडी नेसू लागली, म्हणजे पायांना ऊब मिळाली आणि अंगावर साडीही राहिली. १८८५ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला तिच्या कॉलेजात समारंभ झाला, त्या वेळचा एक फोटो आहे. तीन मुली. एक आपली आनंदी, एक जपानची, एक सीरियाची, तिघी आपापल्या देशाच्या वेषात आणि दागिन्यांत. सूनबाईने तो मला मोबाईलवर दाखवला. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. त्या काळच्या त्या परक्या समारंभात तिने काय घालावे, हे ना तिथल्या मडमांनी ठरवले, ना इथल्या भटजींनी. थंडी पाहिली, पाय पाहिले, मन पाहिले आणि तिने स्वतः ठरवले.

हा फोटो मी जाऊबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, “पोरीचे डोळे दमलेले दिसतात.” बाकी काही नाही.

दोन दिवस तसेच गेले. मी विषय काढला नाही. आग्रह करून करून आपण बायका एकमेकींना पुरणपोळी खायला लावतो, पण या गोष्टीत आग्रह करू नये असे मला वाटते. मी त्यांना एकदाच म्हटले होते, “बाई, लग्नाच्या आधीसुद्धा आपण लालहिरवे नेसत होतो की. कुंकूसुद्धा लहानपणापासून लावत होतो. ते माहेरचे. जे नवऱ्याने आणले नाही, ते नवऱ्याबरोबर कसे जाईल?” त्यावर त्यांनी सुपातले गहू पाखडणे चालूच ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पडवीतल्या दोरीवर, सावलीत, एक इरकल पसरलेली. डाळिंबी अंगाची, काठ रेशमी, पदर लाल. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून टाकलेली. त्यांच्या आईने, जाऊबाईंच्या पहिल्या दिवाळसणाच्या वेळी घेतलेली.

इरकल आपल्या आज्यांनी नेसलेली, पण हल्लीच्या मुलींना माहीत नसते म्हणून सांगते. ही साडी कर्नाटकातल्या इलकल गावची, बागलकोट जिल्ह्यातली. अंग बहुधा सुती, काठ आणि पदर रेशमाचा. तिची खुबी अशी, की पदराचे ताणे निराळे लावून अंगाच्या ताण्यांत एकेक धागा गुंतवून जोडतात, म्हणून अंगाचा रंग कोणताही असला तरी पारंपरिक पदर लालच, त्यावर पांढरी नक्षी. काळी इरकल घ्या, हिरवी घ्या, डाळिंबी घ्या, पदर लाल. तिच्यावर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. धुवून धुवून अंग मऊ होते, पण काठ ताठ राहतो. म्हाताऱ्या माणसासारखी साडी आहे ती.

ती रात्र आली. खोली एवढीशी, दोघींनी उभे राहायचे तर तिसरीने पलंगावर पाय वर घेऊन बसायचे. जाऊबाईंनी नऊवारीच नेसली, स्वतःच्या हाताने, काष्टा घालून. नात म्हणाली, “आजी, टिकली लावू?” सूनबाईने टिकलीचे पाकीट पुढे केले. जाऊबाईंनी मान हलवली. “ते नको. मला नको आहे म्हणून नको.” मी सूनबाईला डोळ्यांनी खुणावले, आणि तिने पाकीट पर्समध्ये ठेवले. साडी त्यांनी ठरवली, टिकलीही त्यांनीच ठरवली. पुष्कळदा आपण सुधारणा करायला निघतो आणि त्यात त्या बाईला विचारायचेच राहून जाते.

जेवणघरात शेकडो माणसे. चमकी लावलेले झगे, काळे सूट, लेहंगे, एक गृहस्थ तर नवाबासारखे तुरा लावून आले होते. कुणी आमच्या जाऊबाईंकडे वळूनही पाहिले नाही. हे मला फार बरे वाटले. गावात आपल्याला सगळे ओळखतात, त्यात ऊब आहे, पण कधी कधी कुणी ओळखत नाही यातही सुख असते. नाही म्हणायला एकीने पाहिले. बेळगावकडची बाई, साठीची. आमच्या टेबलाजवळ थबकली आणि म्हणाली, “ही इरकल ना? हात लावू का?” तिच्या आजीची तशीच होती म्हणे, आजी गेल्यावर तिची दुलई शिवली घरच्यांनी, आणि त्याचे तिला आजवर वाईट वाटते. दोघी काठाबद्दल आणि खणाबद्दल इतक्या बोलत बसल्या, की पोरांनी तीनदा आइस्क्रीम आणले. नवरा आहे की नाही, हे त्या बाईने विचारले नाही, आणि जाऊबाईंनी सांगितले नाही.

मग फोटो झाला. तो नातेवाइकांत गेला. आता आपली माणसे कशी असतात ते तुम्ही जाणता. परत आल्यावर चार दिवसांनी देवळाच्या वाटेवर एका वडीलधाऱ्या बाईंनी जाऊबाईंना गाठले. “फोटो पाहिला बरं का. लाल पदर?” जाऊबाई म्हणाल्या, “पदर विणकराने लावला माय, मी नाही लावला.” आणि पुढे चालू लागल्या. मी मागे होते. हसू आवरण्यासाठी मला पदर तोंडाला लावावा लागला.

कुणी म्हणेल, हे शहरातले खूळ. तसे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. शहर नव्हे, खेडेच. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने पत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करायला सांगितले. कागदावर ठराव झाला म्हणजे घराघरात झाला असे मी म्हणत नाही. कुंकू पुसणारा हात सरकारचा नसतो, बहुधा आपल्यापैकीच एकीचा असतो. पण खेड्यातल्या माणसांनी एकत्र बसून हे बोलून तर दाखवले.

आणि रंगांचेच म्हणाल, तर नवरात्रातले नऊ रंग घ्या. आज पिवळे, उद्या हिरवे. लोकांना वाटते हे फार जुने. ते या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र टाइम्सने चालू केले आणि रेल्वेने, कचेरीत जाणाऱ्या बायकांनी उचलून धरले. शास्त्रात त्याला काही आधार नाही, पण त्यात एक गोष्ट मला आवडते. त्या नऊ दिवसांत ‘सवाष्ण आहे का’ असे कुणी विचारत नाही. हिरव्या दिवशी सगळ्या हिरव्या. बोटीवरच्या त्या रात्रीसारखेच म्हणा ना.

आपल्याकडे मात्र नटायचा सोहळा म्हणजे संक्रांतीचे हळदीकुंकू. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, वाण. आपल्याही मंडळात दर वर्षी होते आणि फार छान होते. त्याची यादी चिटणीसबाईंच्या वहीत असते. ती वही मी गेल्या संक्रांतीला वाणाच्या वाट्या मोजताना पाहिली. मंडळाच्या सभासदांची यादी मोठी आहे आणि हळदीकुंकवाची यादी लहान आहे. मधली नावे कुणाची, ते मी वाचून दाखवत नाही. त्या सगळ्या वर्गणी भरतात. पापडाच्या दिवशी पहाटे पाचला त्याच आधी येतात. जाऊबाई तर शिवणवर्गाची यंत्रे दुरुस्त करून आणायला परभणीला स्वतः गेल्या होत्या.

मी चिटणीसबाईंना एक कागद दिला आहे. त्यात असे लिहिले आहे, की यंदा आमंत्रणावर ‘संक्रांतीचा तिळगूळ समारंभ’ छापावे, सर्व सभासदांना बोलवावे, वाण सर्वांना सारखे द्यावे. कुंकवाचा करंडा ताटात ठेवावा, जिला हवे तिने आपल्या हाताने लावावे, जिला नको तिला विचारू नये. आणि काळेच नेसून यावे असे न लिहिता, ‘आपल्या पेटीतले आवडते वस्त्र’ असे लिहावे. सहीला मी आहे, आणखी सहाजणी आहेत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत उघड बोलावे, मी रागावणार नाही. माझ्या सख्ख्या नणंदबाईंनाच ते पटलेले नाही, त्या समोरच बसल्या आहेत आणि त्यांचा चेहरा मला इथून दिसतो आहे. बैठक पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला.

घंटा झाली वाटते. बोटीच्या खर्चाचे विचारणार असाल, तर ते पुतण्याला माहीत, त्याने मला आकडा सांगितलेला नाही आणि मी विचारलेला नाही. जाऊबाईंची इरकल मी आज त्यांच्या परवानगीने आणली आहे. मागच्या टेबलावर पंचात गुंडाळून ठेवली आहे. चिवड्याचे हात आधी पुसा आणि मग बघा. पदर उलटा करून बघा, जोड कुठे आहे ते शोधून काढा. मला तरी सापडला नाही.